दाजींचा रुसवा

मी कॉलेजात मराठी शिकवतो. दरवर्षी पावसाळ्यात कधीतरी शोकांतिकेचा नायक हा भाग येतो. नायक मोठा माणूस असतो, त्याच्या स्वभावात एक खोट असते आणि नियती नेमकी त्या खोटीवरच येऊन बसते, असं मी सांगतो. पोरं मान खाली घालून उतरवून घेतात. एखादी चुणचुणीत मुलगी विचारते, "सर, नायक राजाच असावा लागतो का?" मी पुस्तकात असतं ते उत्तर देतो. मनातल्या मनात मात्र म्हणतो, छे, राजा कशाला? आमचा नायक वडीगोद्रीच्या फाट्यावर धोतर सावरत एसटीची वाट बघत उभा असायचा.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या आत्याचे यजमान. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणतात, पण वडील आणि काका दाजी म्हणायचे म्हणून आम्ही पोरंही दाजीच म्हणायला लागलो. सहा फूट उंच, छाती भरदार, आवाज असा की वेशीत बोलले तर मारुतीच्या देवळात ऐकू जाई. अंकुशनगरला कारखान्याच्या काट्यावर ते नोकरीला होते. उसाच्या गाड्या वजनाला लागल्या की गाडीवाल्यांची भांडणं ठरलेली, पण दाजी नुसते खोलीच्या बाहेर येऊन उभे राहिले की आवाज खाली यायचे.

माणूस सोन्यासारखा होता, हे आधी सांगितलं पाहिजे. एका उन्हाळ्यात आमच्या खळ्यावरची कडब्याची गंजी पेटली. गुरं शेजारीच बांधलेली. सगळे लांबून ओरडत होते आणि दाजी आत शिरून दावी तोडत होते. एक हात कोपरापर्यंत भाजला. त्याबद्दल नंतर कधी चकार शब्द नाही. कुणाचं दुखणं असो, मयत असो, दाजी बिनबोलावता हजर. मयताच्या घरी सरपण फोडायला ते पहिले. गंमत अशी की दुःखात बिनबोलावता येणारा हा माणूस सुखात मात्र बोलावल्याशिवाय पाऊल उचलायचा नाही. आणि नुसतं बोलावून भागायचं नाही, बराबर बोलवायला लागायचं.

आमच्याकडे लग्नात थोरल्या जावयाचा मान मोठा. पहिला फेटा त्याला, पंगतीत पहिलं ताट त्याला, निघताना टॉवेल-टोपी त्याच्या हातात. जावयानं रुसायचं आणि सासरच्यांनी मनधरणी करायची, हाही त्या मानाचाच भाग. बाकीचे जावई एखाद्या लग्नात हौसेपुरतं रुसत. दाजी प्रत्येक लग्नात रुसत आणि मनापासून रुसत.

त्यांची पद्धत ठरलेली होती. भांडण नाही, आरडाओरडा नाही. ते नुसते नाहीसे व्हायचे. मग कुणीतरी म्हणायचं, "अरे, दाजी कुठं गेले?" आणि मांडवात खसखस पिकायची. ते कुठेतरी बाभळीखाली नाहीतर शेजाऱ्याच्या ओट्यावर उपरणं मांडीवर घेऊन, तोंड दुसरीकडे करून बसलेले सापडायचे. त्यांना आणायला जायचं काम माझ्या वडिलांचं. तो मान वडिलांनी दुसऱ्या कुणाला दिला नाही आणि दुसऱ्या कुणी मागितलाही नाही.

पहिल्यांदा बोलावलं की दाजी म्हणायचे, "तुमचं चालू द्या." दुसऱ्यांदा बोलावलं की, "मी हाय की इथं. माझं काय एवढं?" तिसऱ्यांदा वडील त्यांचं कोपर धरायचे आणि म्हणायचे, "दाजी, तुमच्याबिगर पान हालत न्हाई. चला, जल्दी करा, भटजी घाई करून राह्यले." की मग दाजी धोतर झटकत उठायचे आणि मांडवात येऊन असे काही कामाला लागायचे की वाढप्यांची तारांबळ उडायची. हे सगळं आम्हाला नाटकासारखं पाठ होतं. तिसऱ्या हाकेच्या आत दाजी उठले आहेत असं कधी झालं नाही आणि तिसऱ्या हाकेला उठले नाहीत असंही कधी झालं नाही.

ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या सुमारास माझ्या चुलतबहिणीचं लग्न आमच्या गावात होतं. घाईगर्दीत कुणीतरी बँडमास्तरच्या डोक्याला आधी फेटा गुंडाळला. दाजींनी ते पाहिलं. झालं. दाजी गायब. या वेळी ते मांडवामागे सोडलेल्या एका बैलगाडीत जाऊन आडवे झाले आणि तोंडावर उपरणं घेतलं. गाडीवाला आमचा शेजारी. त्याला मळ्यातून कडबा आणायचा होता. त्यानं दाजींना पाहिलं, त्याला वाटलं काम करून दमलेत, झोपू द्यावं बिचाऱ्यांना. त्यानं बैल जुंपले आणि हाकले. दाजींना हे सगळं कळत होतं. पण रुसलेल्या माणसानं आपण होऊन बोलायचं कसं? "अरे, थांब" एवढे दोन शब्द म्हणाले असते तरी भागलं असतं. दाजी नाही म्हणाले.

गाडी खडखडत कालव्याच्या पुलापर्यंत गेली. मागून वडील सायकल हाणत आले, मी पुढच्या दांडीवर. भर उन्हात, पुलावर, गाडीत झोपलेल्या दाजींना वडिलांनी तीन वेळा हात जोडले. गाडीवाला तोंडात बोट घालून बघत राहिला. तिसऱ्यांदा दाजी उठून बसले आणि गाडीवाल्याला म्हणाले, "गाडी एवढी आदळत आणतेत का?" आम्ही वर्षभर त्या गाडीवरून हसलो. दाजी स्वतःही हसायचे. पण हसून झालं की म्हणायचे, "पण बँडवाल्याला आधी बांधला का न्हाई फेटा? मंग?"

मी तेव्हा लहान होतो, पण मला एक कळत होतं. दाजींना फेटा नको असायचा. तो ते घरी गेल्यावर कुणालाही देऊन टाकायचे. त्यांना फक्त एवढंच बघायचं असायचं की आपण नसलो तर कुणी शोधायला येतं का. एवढा दांडगा माणूस आणि एवढीशी भूक. मला त्याचा रागही यायचा. अजूनही येतो.

दाजींना एकच मुलगी. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी, मी तिला ताई म्हणतो. ती दाजींना दादा म्हणायची. तिच्यावर त्यांचा जीव होता म्हणजे किती, तर तिच्यावर ते कधी रुसले नाहीत. नव्वदच्या आगेमागे तिचं लग्न ठरलं. स्थळ भोकरदन तालुक्यातल्या धावड्याचं, घर शेतकऱ्याचं, मिरचीचं पीक चांगलं, मुलगा शिकलेला आणि शांत. त्याला वडील नव्हते. लग्न नवरदेवाच्या दारी, म्हणजे आम्ही वऱ्हाड घेऊन जिल्ह्याच्या या टोकावरून त्या टोकाला जायचं.

लग्नाआधी आठवडाभर वडील दाजींना चिडवत होते. "दाजी, आता तुमी नवरीचे बाप. नवरीच्या बापाला रुसायची परवानगी नसती बरं का." दाजी गडगडाटी हसायचे. "मी कशाला रुसतो? मी बिलकुल रुसणार न्हाई. माझ्या लेकीचं लग्न हाय." ते खरंच तसं ठरवून निघाले होते. यावर माझा आजही विश्वास आहे.

वऱ्हाडाच्या दोन गाड्या होत्या. पुढच्या ट्रकमध्ये दाजी, आत्या, नवरी, धाकटे काका-काकू आणि सगळं सामान. मागच्या टेम्पोत वडील, म्हाताऱ्या बायका आणि मी. जालना सोडल्यावर आमच्या टेम्पोचं चाक फुटलं. दुसरं चाक लावलं तर पुढे भोकरदनच्या अलीकडे तेही बसलं. वडील रस्त्याच्या कडेला उभे राहून सारखे धावड्याच्या दिशेने बघत होते. मी म्हणालो, "मुहूर्ताला पोचू आपण." ते म्हणाले, "मुहूर्ताचं न्हाई रे."

पुढे धावड्याला काय झालं ते मी नंतर चार जणांच्या तोंडून ऐकलं. चौघांचं जुळलं म्हणून खरं मानतो.

ट्रक पोचल्याबरोबर दाजींनी सदरा काढून ठेवला आणि बनियनवर सामान उतरवायला लागले. रुखवताच्या पेट्या, भांडी, लेकीचा पलंग. हमाल होते, पोरं होती, पण लेकीचं सामान दुसऱ्याच्या हातून आपटलं तर? म्हणून हे स्वतः. अंगभर घाम, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. तेवढ्यात व्याहीभेटीचे लोक वाजतगाजत आले. नवरदेवाच्या वडिलांच्या जागी त्याचा थोरला चुलता होता. तो नोकरीनिमित्त लांब राहायचा आणि लग्नाच्या दिवशीच गावात आलेला, त्यानं दाजींना आधी पाहिलेलं नव्हतं. त्याच्यासमोर ट्रकशेजारी माझे धाकटे काका उभे होते. सफारी घातलेली, पोट सुटलेलं, हातात घड्याळ. चुलत्यानं सरळ काकांच्या गळ्यात हार घातला, फेटा बांधला आणि कडकडून मिठी मारली. बँडवाल्यांनी जोर केला. काका "अहो, मी न्हाई, मी न्हाई" म्हणत होते ते कुणालाच ऐकू गेलं नाही. दाजी पलंगाचा एक पाय खांद्यावर घेऊन चार हातांवर उभे होते.

मी दरवर्षी वर्गात नियतीवर बोलतो तेव्हा मला तो पलंग दिसतो. त्या वेळी दाजी आयते बसून राहिले असते, इस्त्रीचा सदरा घालून मिरवले असते, तर काही झालं नसतं. राबायला गेले म्हणून घात झाला.

दाजींनी पलंग खाली ठेवला, अगदी हळू, पाय मोडू नये असा. मग सदरा घातला आणि दिसेनासे झाले.

चूक कळल्यावर तो चुलता खजील झाला. माणूस सभ्य होता. स्वतः शोधत शोधत गावाबाहेरच्या चिंचेखाली गेला आणि हात जोडून म्हणाला, "पाहुणे, चूक झाली, चला." दाजी म्हणाले, "तुमचं चालू द्या." तो परत आला. मुहूर्त जवळ येत होता, भटजींना पुढच्या गावी दुसरं लग्न होतं. आत्या रडवेली होऊन म्हणत होती, "माझ्या भावाची गाडी येऊ द्या, तो आणील त्यान्ला." पण आमची गाडी कुठं होती? चुलता पुन्हा गेला. दाजी म्हणाले, "मी हाय की इथं. माझं काय एवढं?"

चुलत्यानं ते शब्दशः घेतलं. त्याला वाटलं, वधूपित्यानं कन्यादान बघायचं नसतं अशी यांच्याकडे काही प्रथा असेल, उगाच आग्रह करून अवघडायला नको. तो नमस्कार करून परतला. लग्न लागलं. कन्यादान धाकट्या काका-काकूंनी केलं, तोच चुकीचा फेटा डोक्यावर ठेवून. काका ते करताना रडत होते म्हणतात.

आम्ही पोचलो तेव्हा मांडवात अक्षता पसरलेल्या होत्या आणि पंगत बसली होती. चुलत्यानं वडिलांना सगळं सांगितलं आणि अगदी निर्मळपणे म्हणाला, "मी दोनदा गेलो हो. म्हणाले चालू द्या, मग आम्ही चालू दिलं." वडील चिंचेकडे गेले आणि मी मागोमाग. दाजी तसेच बसले होते. वडिलांनी त्यांना हाक मारली नाही. नुसते शेजारी जाऊन बसले. दाजी म्हणाले, "चाक फुटलं का?" वडील म्हणाले, "दोनदा."

निघताना ताई आत्याच्या गळ्यात पडून रडली. मग ट्रकशी उभ्या असलेल्या दाजींच्या पाया पडली. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. दोघंही एकमेकांकडे न बघता उभे होते. मी ते पाहिलं आणि मला दाजींचा एवढा संताप आला की परतीच्या सगळ्या रस्त्यात मी त्यांच्याशी बोललो नाही. त्यांना ते कळलंही नसेल.

त्या दिवसानंतर दाजी रुसले नाहीत. कुठल्याच लग्नात नाही. वेळेवर यायचे, मांडवाच्या शेवटच्या खांबाशी बसायचे, फेटा कुणाला आधी आणि कुणाला मागून हे बघायचेसुद्धा नाहीत. एकदा तर फेटेच कमी पडले आणि दाजी बोडक्यानं जेवून गेले. बायका म्हणायच्या, "दाजी किती सुधारले!" घरातली कार्यं बिनघोर व्हायला लागली. वाढप्यांवर ओरडायलाही कुणी नव्हतं, त्यामुळे भात कच्चा राहायला लागला, हेही सांगून टाकतो. सगळ्यांना बरं वाटत होतं. मला मात्र ते शेवटच्या खांबाशी बसलेले दाजी बघवत नसत. त्यापेक्षा कालव्यावरच्या गाडीत झोपलेले परवडले.

ताई दिवाळीला यायची, दाजीही धावड्याला जायचे. बोलणं-चालणं होतं. मिरचीला भाव काय, पोरं शाळेत जातात का. पण लग्नाचा विषय निघाला की एकजण पाणी प्यायला उठायचं. आत्या म्हणायची, "दोघंबी एकमेकांना भित्यात."

दोन हजार साल उलटून गेल्यावरची गोष्ट. दाजी निवृत्त झाले होते, केस पांढरे, आवाज मात्र तोच. एका नातलगाच्या लग्नाहून परतताना आम्ही दोघं वडीगोद्रीला हॉटेलात चहा घेत बसलो होतो. एसटीला वेळ होता. मी आता स्वतः नोकरीला लागलेला, लग्न झालेला, थोडा आगाऊ. म्हणालो, "दाजी, एक विचारू? त्या दिवशी तिसऱ्यांदा कुणी आलं नाही. तुम्ही आपण होऊन का नाही उठलात?"

दाजींनी बशीत चहा ओतला. "उठलो व्हतो की."

"म्हणजे?"

"भोंगा लावलेला व्हता. सगळं ऐकू येऊन राह्यलं व्हतं. पयलं मंगलाष्टक झालं, म्हणलं आता येतेत. दुसरं झालं. मंग मीच उठलो आन् गेलो मांडवात. सगळ्यांच्या पाठी माझ्याकडं. कोणी वळून बघंना. मागं उभा राह्यलो. एका म्हाताऱ्यानं माझ्या हातात अक्षता दिल्या. टाकल्या मी. लांबून टाकल्या, पोचल्या का न्हाई काय माहीत."

मी चहा खाली ठेवला.

"मंग तो म्हातारा मला म्हणला, पाव्हणं, कोणाकडचे तुमी? नवरीकडचे का नवऱ्याकडचे?" दाजी हसले, त्यांचं जुनं गडगडाटी हसू. "आता काय सांगायचं? नवरीचा बाप हाय म्हणावं, तर तो इचारणार, मंग इथं कसे? म्हणलं, कोणाकडचा न्हाई. रस्त्यानं चाललो व्हतो, वाजंत्री ऐकली, आलो."

"मग?"

"मंग काय, गेलो परत चिंचेखाली."

"जेवलातही नाही?"

"बिनबोलावता कसं जेवायचं?"

मला हसू आलं. हॉटेलवाला बिस्किटं देऊ का म्हणून विचारत होता, त्याच्यावर मी उगाच खेकसलो. मग दाजींकडे वळलो. "हे ताईला सांगितलंत कधी?"

"तिनं इचारलं न्हाई."

"दाजी, अहो, एवढी वर्षं!"

"इचारलं असतं तर सांगितलं असतं ना. आपण होऊन कसं सांगायचं?" आणि त्यांनी शांतपणे बशी तोंडाला लावली.

मी पाय आपटत एसटीत चढलो. त्यांनी सांगू नको म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं असतं तरी मी ऐकलं नसतं. पुढच्याच रविवारी मी धावड्याला गेलो. ताई अंगणात मिरच्या निवडत बसली होती, देठं एकीकडे, मिरच्या एकीकडे. मी पाणीसुद्धा न पिता सगळं सांगितलं. भोंगा, म्हातारा, अक्षता. ती ऐकत होती आणि हात चालू होते. सांगून झाल्यावर मी रागानंच म्हणालो, "तू तरी एकदा विचारायचंस ना! तूही त्यांच्यासारखीच रुसून बसलीस?"

तिचे हात थांबले.

"मी रुसले नव्हते रे," ती म्हणाली. "किती येळा तोंडावर आल्तं, दादा, तुमी कुठं व्हता? पण वाटायचं, इचारलं आन् ते म्हणले, मी न्हाई आल्तो, तर? न इचारता मला म्हणता येत व्हतं, आले असतीन, गर्दीत कुठंतरी असतीन. तेवढंच व्हतं माझ्याकडं. तेबी गेलं असतं तर मी काय करणार व्हते?"